नवीन तुडतुडा सापडलाय असं वाटतंय, आता पुढे नेमकं काय करायचं?

पानकिडा

नमस्कार मंडळी. मला कीटकांचे मॅक्रो फोटो काढायचा नाद आहे, शिक्षण भलत्याच विषयातलं, त्यामुळे जरा सोप्या भाषेत सांगा.

एका झुडपावर गेले काही महिने एक तुडतुडा बघतोय. साधारण चार मिलिमीटरचा, पिवळट हिरवा, डोक्यावर दोन काळे ठिपके, पाठीवर मधोमध तांबूस पट्टा, आणि पंखांवर दुधाळ पावडर मारल्यासारखं दिसतं, काहींवर जास्त, काहींवर अजिबात नाही. ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपवर फोटो टाकला तर ते सिकाडेलिडी या कुटुंबापर्यंत जाऊन थांबलं, पुढे ढिम्म. कीटकांच्या ग्रुपवर टाकला तर दोघंतिघं 'अभिनंदन, नवीन स्पिशीज!' म्हणून मोकळे झाले आणि तेव्हापासून माझ्या डोक्याला भुंगा लागलाय.

मग तुडतुड्यांवरचे पेपर उघडून बघितले. अख्ख्या किड्याचा फोटो एखादा, आणि बाकी पानंच्या पानं कसल्यातरी हुकांच्या आणि काट्यांच्या चित्रांनी भरलेली, त्याचा आणि माझ्या झुडपावरच्या किड्याचा संबंधच लागेना.

तर विचारायचं असं की नुसत्या फोटोवरून नवीन म्हणून जाहीर करता येतं का, डीएनए करावाच लागतो का, आणि हे 'नवीन आहे' असं शेवटी ठरवतं कोण, कुठे अर्ज वगैरे करायचा असतो का? नाव आपल्याला ठेवता येतं का? आजीचं नाव द्यायची फार इच्छा आहे. काही नग डबीत वाळवून ठेवलेत, काही स्पिरिटमध्ये आहेत.

---

नडगीवाली

अ‍ॅप थांबलं म्हणजे किडा नवीन, असं नसतं हो. तुडतुड्यांच्या वीस हजारांच्या वर प्रजातींना आजवर नावं देऊन झालीत आणि त्यातल्या कितीतरींचा जिवंतपणीचा एकही फोटो कुठे नाही. शंभर वर्षांपूर्वीचं चार ओळींचं वर्णन आणि कुठल्यातरी म्युझियमच्या खणात टाचणीला लागलेला एक नग, एवढीच त्यांची नोंद. अ‍ॅप शिकतं फोटोंवरून, ज्याचा फोटोच नाही ते त्याला कुठून कळणार. ग्रुपवरच्या अभिनंदनाचं तर सोडूनच द्या.

आधी हा तुडतुडाच आहे ना ते बघा. मागच्या पायाची नडगी भिंगाखाली धरा, लांब, कडा असलेली, आणि त्या कडांवर काट्यांच्या सरळ रांगा दिसल्या पाहिजेत. थुंकी किड्याच्या नडगीवर मोजकेच जाडजूड काटे असतात आणि टोकाला काट्यांचं कडं. भातावरचा तपकिरी तुडतुडा ज्या गटातला आहे ना, त्यांना मराठीत आपण तुडतुडेच म्हणतो पण ते वेगळं कुटुंब, त्यांच्या नडगीच्या टोकाला एक मोठा हलणारा काटा असतो. माझं नाव इथे नडगीवाली का आहे ते कळलं असेल.

आता ती पावडर. त्याला ब्रोकोसोम म्हणतात, तुडतुडा ते स्वतःच तयार करतो, उत्सर्जनाच्या नळ्यांमध्ये, आणि मग पायांनी अंगभर फासतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली जाळीदार पोकळ चेंडू दिसतात एकेक, त्यामुळे अंगाला पाणी आणि स्वतःचीच चिकट विष्ठा चिकटत नाही. पण पुसलं की जातं, त्यामुळे ओळख म्हणून त्याचा उपयोग शून्य. रंगाचंही जवळपास तसंच. नर-मादीत रंग वेगळा असतो, नुकती कात टाकलेला फिका असतो, आणि स्पिरिटमध्ये हिरवा रंग उतरून पिवळा होतो, म्हणजे तुमचे डबीतले आणि बाटलीतले नग शेजारी ठेवले तर उद्या तुम्हालाच त्या दोन प्रजाती वाटतील.

ज्या हुकांच्या चित्रांनी तुम्ही वैतागलात ना, खरी गोष्ट तिथेच आहे. ते नराच्या जननेंद्रियाचे भाग. बाहेरून हुबेहूब सारखे दिसणारे हिरवे तुडतुडे, एम्पोआस्का म्हणून जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) आहे त्यातले तर विचारूच नका, आत बघितल्याशिवाय भले भले सांगू शकत नाहीत. म्हणून नर पाहिजे. नर नसेल तर बहुतेक गटांत कुणी तुमच्या किड्याला हात लावणार नाही.

करायचं कसं ते सांगते. वाळलेला नग असेल तर आधी दमट डबीत ठेवून मऊ करा नाहीतर पाय तुटतील. बारीक सुईने पोट धडापासून अलगद सोडवायचं, अख्खं पोट, नुसतं टोक नाही. ते दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकायचं, गरम पाण्यात ती छोटी नळी धरली तर काही मिनिटांत होतं, घाई नसेल तर रात्रभर गार द्रावणात ठेवा. हातमोजे आणि चष्मा घाला, कातडी जाळतं ते. आतले स्नायू, चरबी सगळं विरघळतं आणि कायटिनचं कवच तेवढं उरतं, पारदर्शक, मधाच्या रंगाचं. जास्त वेळ ठेवलं तर तेही इतकं फिकं होतं की कडा दिसेनाशा होतात, म्हणून अधूनमधून बघत राहायचं. मग पाण्यात धुवायचं, चांगलं दोनतीनदा, आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचं.

आता मायक्रोस्कोपखाली बाजूने बघा. बाहेरचं आवरण दिसेल तो पायगोफर, त्याच्या मागच्या कडेला राठ केस, काहींत आतल्या बाजूला एखादा काटा. खालून दोन पट्ट्या, सबजेनायटल प्लेट म्हणतात त्यांना. त्या बाजूला केल्या की आत स्टाइल म्हणून दोन आकडे, त्यांना जोडणारा कनेक्टिव्ह, आणि त्याला टेकून मधोमध एडिगस, म्हणजे नराचं लिंग. चित्रांमधली निम्मी पानं याच एका भागाची असतात. बगळ्याच्या मानेसारखा वर वळलेला असेल, टोकाला दोन फाटे असतील, फाटे खाली वळलेत का वर, बुडाशी दात आहेत का, वीर्य बाहेर पडायचं भोक टोकाला आहे का अलीकडे, हे सगळं बाजूने आणि मागून दोन्हीकडून काढायचं. ग्लिसरीन घट्ट असतं म्हणून हवं त्या कोनात उभं राहतं ते, स्लाइडवर काच ठेवून दाबलंत की चपटं होऊन आकारच बदलतो, तसं करू नका.

झालं की पोट ग्लिसरीनच्या इवल्या नळीत घालून ती नळी त्याच किड्याच्या टाचणीला खोचायची. पोट एकाचं आणि धड दुसऱ्याचं झालं तर सगळं मुसळ केरात.

---

पानकिडा

बापरे, हे एवढं सगळं! ताई, मनापासून आभार. नडगीवर काटे आहेत, रांगेने, म्हणजे पहिली परीक्षा पास. पण माझ्याकडचे नर की मादी हे पोट न काढता कसं ओळखायचं? मला सगळे सारखेच दिसतायत.

---

जुनी पेटी

उताणा करून पोटाचं टोक बघ. मादीला मधोमध लांबट फट आणि त्यात करवतीसारखं अंडी घालायचं अवयव असतं, तेच पानाच्या किंवा शिरेच्या आत खुपसून ती अंडी घालते. नराला तशी फट नसते, त्या जागी दोन पट्ट्या मिटलेल्या दिसतात. हातातल्या भिंगानेही जमतं, सवय झाली की जाळीतल्या जाळीत कळतं.

मी पूर्वी एका संग्रहात काम केलंय त्यामुळे दुसऱ्या टोकाकडून बोलतो. नडगीवालीने सांगितलं ते झालं, सुंदर चित्रं तयार झाली, आता ती कशाशी ताडून बघणार? नवीन आहे असं म्हणणं म्हणजे आपल्या किड्याबद्दल कमी आणि बाकीच्या सगळ्या किड्यांबद्दल जास्त बोलणं आहे. हा त्या जीनसमधल्या आजवर नाव दिलेल्या कुणाशीच जुळत नाही, असा तो दावा असतो, आणि त्यासाठी ते सगळे बघावे लागतात. किडा पकडायला दोन मिनिटं लागतात, वर्षं जातात ती इथे.

डिस्टंट नावाच्या माणसाने १९०८ आणि १९१८ साली दोन जाड खंडांत ढीगभर तुडतुड्यांची वर्णनं लिहिली. वर्णन कसलं, डोकं पिवळं, छातीवर ठिपके, पंख धुरकट, इतकंच. आतल्या अवयवांचं त्या काळी कुणी बघतच नसे. मग आज त्या वर्णनात तुझा पिवळा ठिपकेवाला किडा बसतो का? बसतो. शेजारचाही बसतो. त्यामुळे मूळ टाइप नमुना, म्हणजे ज्या नगाला ते नाव दिलं तो, जिथे ठेवलाय तिथल्या लोकांना लिहून त्याचे फोटो मागवायचे, आणि त्याचं पोट अजून कुणी उघडलेलं नसेल तर त्यासाठी हातापाया पडायचं. कधीकधी टाइप मादी निघते, कधी पोट किड्यांनीच खाल्लेलं असतं (हो, संग्रहातले किडे दुसरे किडे खातात), आणि मग बसा.

हे न करता नाव दिलं की काय होतं ते कपाशीच्या तुडतुड्यावरून बघ. १९१३ मध्ये इशिदाने त्याला बिगुटुला म्हटलं, १९१८ मध्ये डिस्टंटने डिव्हास्टन्स. पुढे कळलं दोन्ही एकच. आधीचं नाव चालू राहतं या नियमाने बिगुटुला जिंकलं, पण शेतीच्या पुस्तकांत डिव्हास्टन्स किती वर्षं छापून येत राहिलं! ज्याने फवारणीवरचं सगळं जुनं लिखाण शोधायचं त्याला दोन्ही नावांनी शोधावं लागतं.

आता उलटं उदाहरण. २०२२ च्या जानेवारीत एका तुडतुड्याची बातमी जगभर फिरली, फ्लोगिस किबालेन्सिस. युगांडातल्या किबाले जंगलात हेल्डन या शास्त्रज्ञाला मिळाला, विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते तिथे. धातूसारखी चमक, अंगभर खळगे, आणि त्या जीनसमधला आधीचा नग शेवटचा सापडला होता १९६९ मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात. बातमीत सगळ्यांनी चमक आणि पन्नास वर्षांचं गूढ छापलं. पण वेगळी स्पिशीज कशावरून? तर नराचे अवयव, काहीसे पानाच्या आकाराचे. जीनसमध्ये मोजकेच असतील तर ताडून बघणं आटोक्यात येतं, तुझा जर मोठ्या जीनसमधला निघाला तर देव तुझं भलं करो.

बरं, जगभरच्या या किड्यांच्या नावांचे आणि कुणी कुठे वर्णन केलं त्याचे ऑनलाइन डेटाबेस आहेत, फुकट आहेत, जुन्या पुस्तकांचे स्कॅनही मिळतात. आधी जीनस ठरव आणि मग त्या जीनसची पूर्ण यादी काढ.

---

चार अक्षरं

मी थोडा विरोधी सूर लावतो. २०२२ नंतर पण आपण चिमटा घेऊन पोटं उकळत बसायचं का? एक पाय द्या लॅबला, मायटोकाँड्रियातल्या सीओआय जीनचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून घ्या, डेटाबेसमध्ये टाका, जुळला तर जुळला नाही तर नवीन. हेबर्ट यांनी २००३ मध्ये ही बारकोडिंगची कल्पना मांडली त्याला किती वर्षं झाली. मादीही चालते, पिल्लूही चालतं, नर शोधत फिरायला नको. आणि दिसायला सारखे पण आतून वेगळे, किंवा उलट, असे कितीतरी याच्यातून बाहेर आलेत.

---

नडगीवाली

नाही तर नवीन?? डेटाबेसमध्ये जुळलं नाही याचा अर्थ कुणी टाकलं नाही एवढाच, अ‍ॅपचीच गोष्ट झाली ही, फोटोच्या जागी चार अक्षरं आली फक्त. वीस हजारांतल्या कितींचे बारकोड झालेत आणि त्यातलेही कितींची नावं बरोबर लावलीत? शंभर वर्षांपूर्वीच्या टाइपमधला डीएनए तुटून भुगा झालेला असतो, तो काढायचं तंत्र आलंय पण कुठलं म्युझियम कुणालाही पाय तोडू देईल? शिवाय तुडतुड्यांच्या पेशींत वोल्बाकियासारखे जिवाणू असतात, ते आईकडून पिल्लाकडे जातात आणि मायटोकाँड्रियाही आईकडूनच, त्यामुळे जिवाणूची साथ पसरली की त्याच्या पाठीवर बसून एकच सीओआय सगळीकडे पसरतो, मग दोन प्रजातींचा बारकोड एक होतो.

डीएनए करू नका म्हणत नाहीये मी. करा, जरूर करा, पण आकाराबरोबर करा. आणि पानकिडा, लक्षात ठेवा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गेलेल्या पोटाचा डीएनए गेला समजा. म्हणून एक पाय आधी काढून पंचाण्णव टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. काही लॅब पोटच एंझाइममध्ये भिजवून डीएनए काढून घेतात आणि रिकामं कवच परत देतात, तेच पुढे अवयव बघायला वापरता येतं, हे सगळ्यात बेस्ट, एका किड्यात दोन्ही कामं.

---

चार अक्षरं

वोल्बाकियाचं मान्य, म्हणून तर केंद्रकातला पण एखादा जीन घेतात सोबत. पण एक सांगा, तुमचा तो एडिगस काय दगडावरची रेघ आहे का? युसेलिस या तुडतुड्यांच्या जीनसचं काय झालं? वसंतातले वेगळे आणि उन्हाळ्यातले वेगळे म्हणून दोन प्रजाती लिहिल्या होत्या लोकांनी. म्युलर नावाच्या जर्मन संशोधकाने पिल्लं कमीजास्त तासांच्या उजेडात वाढवून दाखवली, दिवस लहान ठेवला तर एक रूप, मोठा ठेवला तर दुसरं, आणि आकार, रंग तर सोडाच, एडिगससुद्धा बदलत होता. उकळून बघितलं असतं तर दोन, वाढवून बघितलं तेव्हा एक.

---

जुनी पेटी

हे बाकी बिनतोड आहे आणि म्हणूनच एका नरावर नाव ठोकू नये. नियमाने एक नग चालतो, अडवत कोणी नाही, पण वेगवेगळ्या महिन्यांतले, जमलं तर वेगवेगळ्या ठिकाणचे नर बघितले की फरक कुठवर हलतो ते समजतं.

यात अजून एक भर घालतो, आवाज. तुडतुडे एकमेकांशी बोलतात, पोटाच्या बुडाशी असलेल्या पडद्यांनी देठ थरथरवतात आणि दुसरा ते पायांनी ओळखतो. आपल्याला ऐकू येत नाही. ओसियानिल्सन या स्वीडिश माणसाने १९४९ मध्येच यावर अख्खा ग्रंथ लिहिला. आता लेसरने देठाची थरथर मोजतात. दिसायला सारख्या दोन प्रजातींचे नर वेगवेगळी 'गाणी' म्हणतात आणि मादी परक्याला दाद देत नाही, मग वाद मिटला. अर्थात घरी बसून हे करायला लेसर कुठून आणणार, पण ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी केलंय.

---

कलमबहाद्दर

उशिरा येतोय. अवयव आणि डीएनएवर भांडण झालंय ते बरं झालं, मी नावाचं आणि नियमाचं सांगतो, कारण मूळ प्रश्न 'ठरवतं कोण' असा होता आणि त्याला कुणी हातच लावला नाही.

कुणीच ठरवत नाही. प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय आयोग आहे, १८९५ पासूनचा, आयसीझेडएन, पण तो अर्ज घेऊन शिक्का मारत बसत नाही. त्यांची नियमावली आहे, सध्याची चौथी आवृत्ती २००० च्या १ जानेवारीपासून लागू. तुम्ही तिच्यातल्या अटी पाळून वर्णन छापलंत की नाव अस्तित्वात आलं, विषय संपला. ते नाव चांगलं का वाईट, किडा खरंच वेगळा का नाही, हे पुढची शंभर वर्षं बाकीचे लोक ठरवत राहतात. एखाद्याने उद्या पेपर लिहून तुमची प्रजाती जुन्यात विलीन केली तरी नाव पुसलं जात नाही, दुय्यम म्हणून यादीत पडून राहतं, म्हणजे तुमच्या आजीचं नाव तिथे राहणार, कशाही अवस्थेत.

अटी फार नाहीत. ही नवीन प्रजाती म्हणून मांडतोय असं पेपरात स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, बाकीच्यांपासून ती कशी वेगळी हे शब्दांत पाहिजे, एक होलोटाइप निवडलेला पाहिजे आणि तो कुठल्या गावच्या कुठल्या संग्रहात ठेवणार ते लिहिलेलं पाहिजे. होलोटाइप म्हणजे ज्या एका नगाला ते नाव कायमचं चिकटलं तो. बाकीचे, ज्यांच्यावरून वर्णन केलं ते पॅराटाइप. उद्या तुमच्या ढिगाऱ्यात दोन प्रजाती मिसळलेल्या निघाल्या तर नाव होलोटाइपबरोबर जातं, म्हणून तो नर असावा, पूर्ण असावा, आणि त्याचे अवयव काढलेले असावेत.

कागदावर छापणारं जर्नल असो की फक्त ऑनलाइन, ऑनलाइन असेल तर २०१२ पासून झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंदणी आणि तिचा पुरावा पेपरातच पाहिजे, नाहीतर नाव धरत नाहीत. बहुतेक चांगली जर्नलं हे स्वतःच करून घेतात. पैसे भरा आणि परवा छापतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, नियमाने तिथलंही नाव वैध होतं आणि नंतर सगळ्यांना निस्तरत बसावं लागतं. आणि इथे, फेसबुकवर, बातमीदाराला, कुठेही ठरवलेलं नाव आधी फोडू नका.

गंमत म्हणजे वर्णन अमुकच भाषेत पाहिजे अशी सक्ती नाही. नाव रोमन लिपीत हवं, वर्णन कायद्याने मराठीतही चालेल. जगभर वाचता येईल अशा भाषेत निदान सारांश तरी द्या अशी शिफारस आहे, आणि ती पाळावीच, नाहीतर पुढचा माणूस तुमच्या नावाने खडे फोडेल.

नाव. ठेवा की आजीचं. बाईचं नाव असेल तर शेवटी 'एई' लागतो, पुरुषाचं असेल तर 'आय', आजी कमला असतील तर रोमन लिपीत कमला लिहून पुढे ई. रंगावरून, आकारावरून विशेषण केलंत तर मात्र जीनसच्या लिंगाप्रमाणे शेवट बदलतो, जीनस स्त्रीलिंगी आणि विशेषण पुल्लिंगी असं केलंत तर संपादक कान धरेल. स्वतःचं नाव द्यायला कायद्याची बंदी नाही पण कोणी देत नाही, हसं होतं. एक सभ्यतेचा नियमही आहे, दुसरं कोणी याच किड्यावर आधीपासून काम करतंय असं माहीत असेल तर गुपचूप पुढे जाऊन छापायचं नाही, आधी विचारायचं.

फोटोवरून? याच्यावर चांगली मारामारी झालीय. २०१५ मध्ये मार्शल आणि इव्हनह्यूस यांनी मार्लेइमिया नावाच्या जीनसमधल्या एका माशीचं नुसत्या फोटोंवरून वर्णन केलं, नग हाती नव्हता. नियमात बसलं ते, कारण फोटोतला जो प्राणी तोच होलोटाइप धरतात, मग तो उडून का गेलेला असेना. पण इतका गदारोळ झाला की आयोगाने २०१७ मध्ये नग न ठेवता वर्णन करणाऱ्यांसाठी वेगळ्या शिफारशी काढल्या. तुडतुड्यात तर तो विचारच सोडा, फोटोत पोट उघडून दिसत नाही. फोटोचा खरा उपयोग सेमाक्रायसा जेड या जाळीदार पंखांच्या किड्यात झाला, फ्लिकरवर टाकलेला फोटो एका तज्ज्ञाच्या नजरेस पडला, त्यांनी फोटो काढणाऱ्याला गाठलं, त्याने परत त्या जागी जाऊन नग मिळवला, आणि २०१२ मध्ये वर्णन आलं, फोटो काढणारा सहलेखक. तुमच्यासाठी हा रस्ता आहे खरं तर.

---

पानकिडा

सगळ्यांना साष्टांग. एका ओळखीच्यांच्या मायक्रोस्कोपवर बसलो. स्पिरिटमधल्यांत बऱ्याच माद्या निघाल्या पण नरही आहेत. पाय आधी काढून ठेवले, मग ताईंनी सांगितलं तसं पोट. पहिल्यांदा जेव्हा त्या दोन पट्ट्या सुईने बाजूला झाल्या आणि आतला आकडा दिसला तेव्हा ओरडलोच, चित्रातलं सगळं एकदम ओळखीचं वाटायला लागलं. एडिगसच्या टोकाला दोन फाटे आहेत, वर जाऊन परत खाली वळलेले, आणि बुडाशी मागच्या बाजूला एक छोटा दात. एका नरात मात्र फाटे आखूड आणि वाकडेतिकडे आहेत, दातही नाही, आणि त्याच्या पोटाच्या बाजूने एक काळपट पिशवीसारखं काहीतरी बाहेर आलेलं होतं. ही दुसरी प्रजाती म्हणायची का?

---

नडगीवाली

अजिबात नाही! ती पिशवी परजीवी गांधीलमाशीच्या अळीची आहे, ड्रायइनिड म्हणतात, तुडतुड्याला आतून खात असते आणि वाढते तसतशी अशी बाहेर डोकावते. पोखरलेल्या नराचे अवयव नीट वाढत नाहीत, खुरटतात. पिपुन्क्युलिड माश्यांच्या अळ्याही हेच करतात आणि त्या तर बाहेर दिसतसुद्धा नाहीत, पोट उघडल्यावर कळतं. अशा बिघडलेल्या नरांवरून पूर्वी लोकांनी वेगळ्या प्रजाती लिहिल्यात. त्याला होलोटाइप तर नाहीच, पॅराटाइपही करू नका. पण टाकू नका हं, वेगळा ठेवा, कुठल्या तुडतुड्यावर कुठला परजीवी ही नोंदही कामाची असते.

खाली वळलेले फाटे आणि बुडाशी दात हे ऐकायला छान वाटतंय, म्हणजे आता काहीतरी पकडायला आहे. सगळ्या धड नरांत तो दात आहे का, एवढं पक्कं करा.

---

जुनी पेटी

आणि आता एकट्याने पुढे जाऊ नकोस. त्या उपकुटुंबावर काम करणारा कोणी गाठ, त्याच्याकडे जुने पेपर आणि टाइपचे फोटो आधीच असतात, तुझी वर्षं वाचतील. चित्रं, किड्याचे फोटो आणि माहिती पाठव, सहलेखक म्हणून काम करायची तयारी आहे असं सरळ लिही. काही जण उत्तर देत नाहीत, वाईट वाटून घेऊ नकोस, दुसऱ्याला लिही. नग परदेशी पाठवायची वेळ आली तर आधी परवानग्यांचं बघ, बऱ्याच देशांत जैविक नमुने बाहेर न्यायला कायदा आडवा येतो.

लेबलं लावलीस का? मघापासून कुणी विचारलंच नाही. ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कोणी पकडला, कशावर पकडला, हे प्रत्येक नगापाशी, बाटलीच्या आत, पेन्सिलने. पेनाची शाई स्पिरिटमध्ये उतरते. लेबल नसलेला किडा कितीही दुर्मिळ असला तरी संग्रहाला त्याचा उपयोग नाही. आणि झुडपाची पण एक फांदी वाळवून दाबून ठेव, फुलासकट मिळाली तर उत्तम. तुडतुडा बसलेला दिसला म्हणजे तेच त्याचं खाद्य असं नसतं, पिल्लं सापडली तर मात्र म्हणता येतं, ती उडून दुसरीकडून येत नाहीत.

---

पानकिडा

पिल्लं आहेत, पानाच्या खालच्या बाजूला, फोटो आहेत. लेबलं वहीत लिहिलीयत, आजच बाटलीत घालतो. जीनस ठरवायला अजून काय लागेल?

---

नडगीवाली

पंख. तुमच्या मापाचा आणि रंगाचा किडा म्हणजे टिफ्लोसायबिनी या उपकुटुंबातला असायची शक्यता बरीच आहे, आणि त्यांच्यात पुढचे गट मागच्या पंखाच्या शिरांवरून पाडतात. एका पॅराटाइपच्या लायकीच्या नराचा उजवा पुढचा आणि मागचा पंख बुडातून काढून पाण्याच्या थेंबात पसरा, मागचा पंख पातळ असतो, दुमडतो, ब्रशने उलगडायचा. फोटो टाकाल तेव्हा मागच्या पंखाचं टोक पूर्ण दिसू दे, कडेला समांतर जाणारी शीर टोकाला वळसा घालते का आधीच संपते ते बघायचंय. आणि शेजारी मापाची पट्टी टाका.